गाणं लोकांचं, मग गाणाऱ्याचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

झांझिबार हे नाव आपल्याकडे दोन गोष्टींमुळे ओळखीचं आहे. एक म्हणजे लवंग. दुसरी म्हणजे पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि पुढे जगभर गाजलेला गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचा जन्म झांझिबारचा, १९४६ सालचा. पण श्रोतेहो, आज मला ज्या आवाजाविषयी सांगायचं आहे, तो फ्रेडीच्या जन्माच्या अठरा वर्षं आधी हाच समुद्र ओलांडून मुंबईला आला होता. १९२८ साली झांझिबारहून एक बाई आपल्या साथीदारांसह मुंबईत आल्या, ग्रामोफोन कंपनीसाठी स्वाहिली भाषेत गायल्या आणि परत गेल्या. त्यांचं नाव सिती बिंती साद. पूर्व आफ्रिकेतल्या लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिणारे सहसा या मुंबईच्या फेरीपासून सुरुवात करतात. मुंबईत मात्र या फेरीची आठवण क्वचितच कोणी काढतो.

सितीबाईंचं झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचं सुलतानाचं राज्य होतं. समोरच्या किनाऱ्यावर टांगानिका हा देश. टांगानिका १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, झांझिबारमध्ये जानेवारी १९६४ मध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन्ही एकत्र येऊन आजचा टांझानिया झाला. या देशातल्या गाण्याची गेल्या शंभर वर्षांची वाटचाल पाहिली, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्यांना सभेत, कचेरीत, कोर्टात बोलायला जागा नव्हती, त्यांनी गाण्यात जागा करून घेतली. पण ते गाणं ज्या यंत्रातून, ज्या माणसांच्या हातून लोकांपर्यंत गेलं, त्यांनी ते गाणाऱ्याच्या मालकीचं क्वचितच राहू दिलं. आज याच दोन गोष्टींविषयी बोलू.

झांझिबारच्या गाण्याला 'तारब' म्हणतात. शब्द अरबी आहे. गाणं ऐकताना होणारी तल्लीनता असा त्याचा अर्थ. सुलतान बरघश यांनी १८७० ते १८८८ या काळात राज्य केलं. त्यांनी इजिप्तमधून वादकांचा ताफा राजवाड्यात आणवला आणि मोहम्मद इब्राहिम नावाच्या एका तरुणाला कानून हे तंतुवाद्य शिकायला कैरोला पाठवलं, अशी हकिगत सांगतात. राजवाड्यातली ही मैफल अरबी भाषेत चाले. १९०५ साली शहरातल्या प्रतिष्ठितांनी 'इखवान सफा' हा संगीत क्लब काढला. तिथेही गाणारे पुरुष आणि गाण्याची भाषा अरबी. बाजारात, बंदरावर, स्वयंपाकघरात सगळं शहर स्वाहिली बोलत होतं. पण मैफलीच्या गाण्याला ती भाषा चालत नव्हती.

सितीबाईंचा जन्म १८८० च्या सुमाराचा, फुम्बा नावाच्या खेड्यातला. आईबाप गुलामगिरीतून आलेले. मुलीचं नाव ठेवलं होतं म्तुम्वा, म्हणजे चक्क गुलाम! झांझिबारमध्ये गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १८९७ मध्ये, म्हणजे त्या जाणत्या झाल्यावर. मडकी घडवायची आणि शहरात दारोदार फिरून विकायची, हा घरचा धंदा. आपल्याकडे बोहारीण, कल्हईवाला जशी आरोळी देत येत, तशी ही मुलगी गात येई. आवाज असा, की लांबून कळे, मडकेवाली आली. १९११ साली त्या खेडं सोडून शहरात आल्या. इखवान सफा क्लबातल्या अली मुहसिन या जाणकाराच्या कानावर तो आवाज पडला आणि त्यांनी या बाईला शिकवायला घेतलं.

शहरात आल्यावर म्तुम्वाची 'सिती' झाली. सिती म्हणजे बाईसाहेब. हे नुसतं रंगमंचावरचं नाव नव्हतं. गुलामीच्या काळात गुलाम बाईला डोकं झाकायची आणि पायात घालायची मुभा नसे. बुरखा हे मालकिणीचं लक्षण. सितीबाई मैफलीला बसत त्या बुरखा घेऊन. आपण आज बुरख्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू. पण गुलामाच्या मुलीनं तो घेणं म्हणजे 'मीही कुणाच्या मालकीची नाही, मलाही अब्रू आहे' असं चारचौघांत सांगणं होतं.

हे अर्थातच सगळ्यांना रुचलं नाही. खेड्यातून फाटक्या कपड्यात आलेली, रूप नाही, घराणं नाही, असं टोचणारं एक गाणं त्यांच्याविरुद्ध रचलं गेल्याची आठवण झांझिबारमध्ये अजून सांगतात. सितीबाईंनी उत्तर दिलं तेही गाण्यातूनच. रूप आणि कुळ राहू द्या, माणसाजवळ अक्कल आणि हुन्नर आहे का ते बघा, असा त्याचा आशय. उत्तराचं गाणं लोकांच्या तोंडी राहिलं.

आता मुंबईकडे येऊ. त्या काळी ग्रामोफोन कंपन्या आपल्या नाट्यगीतांच्या, ठुमऱ्यांच्या तबकड्या काढत होत्याच. हिंदी महासागराच्या पलीकडेही गिऱ्हाईक आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. झांझिबारला स्टुडिओ नव्हता, म्हणून गायिकेलाच मुंबईला बोलावलं गेलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तारबची मैफल रात्र रात्र चालणारी आणि एकेक कविता अनेक कडव्यांची. त्यामुळे गाणं तोडून, दोन्ही बाजूंना वाटून घ्यावं लागे. पण ती भाषा होती स्वाहिली. तबकड्या बोटीतून परत गेल्या आणि हजारोंनी खपल्या. ज्यांच्याकडे यंत्र नव्हतं ते कॉफीच्या दुकानासमोर उभं राहून ऐकत. आपल्या बोलीत गायलेलं गाणं यंत्रातून येतं, याचा अचंबा झांझिबारपुरता राहिला नाही. स्वाहिली बोलणाऱ्या साऱ्या किनाऱ्यावर आणि आत दूरवर तो पोहोचला. मग इतर कंपन्याही धावत आल्या. ज्या भाषेला मैफलीत जागा नव्हती, ती बाजारानं मैफलीच्या मधोमध आणून बसवली.

सितीबाई काय गात? प्रेमाची गाणी होतीच. पण त्यांचं घर होतं न्गाम्बोत, म्हणजे खाडीपलीकडच्या गरीब वस्तीत. संध्याकाळी तिथे शेजारीपाजारी जमत, दिवसभरातल्या बातम्या निघत आणि त्यांतून गाणी बनत. 'किजिती' हे त्यांचं फार गाजलेलं गाणं. बाहेरगावाहून आलेल्या एका गरोदर बाईवर अत्याचार करून एका पुरुषानं तिचा जीव घेतला आणि तो होडीनं पलीकडच्या किनाऱ्यावर पळून गेला. सापडला नाही. शिक्षा झाली ती तिच्याबरोबर असलेल्या दोघी मैत्रिणींना, त्यांनी दारू पुरवली म्हणून! ब्रिटिश न्यायाधीशाच्या कोर्टात या निकालावर कोण काय बोलणार? पण सितीबाईंनी तो प्रसंग गाण्यात आणला आणि गुन्हेगाराचं नावच गाण्याचं नाव झालं. तो कायद्याच्या हातून सुटला, पण लोकांच्या तोंडून सुटला नाही. आज इतक्या वर्षांनंतरही झांझिबारचे गायक ते गाणं म्हणतात.

सितीबाई १९५० साली वारल्या. स्वाहिलीतले थोर लेखक शाबान रॉबर्ट यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि ते पुढे शाळांतून वाचलं गेलं. मडकी विकणाऱ्या बाईचं चरित्र देशाच्या वाङ्मयात दाखल झालं. जाता जाता एक गंमत सांगतो. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', हिशेबाला 'हेसाबु', आणि चहा-चपातीला चाई-चपातीच. शतकानुशतकं मोसमी वाऱ्यावर गलबतं ये-जा करत होती, त्यांच्यातून शब्द गेले आणि सूरही गेले. हार्मोनियम आणि तबला तारबच्या ताफ्यात दिसतात आणि हिंदी सिनेमाच्या चालींवर बांधलेली स्वाहिली गाणी त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आहेत.

आता समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर येऊ. दार-एस-सलाम, मोरोगोरो, टांगा या शहरांतून एक वेगळं संगीत वाढत होतं. त्याला म्हणतात 'मुझिकी वा दान्सी', म्हणजे नाचाचं संगीत. क्यूबाच्या रुम्ब्याच्या तबकड्या ऐकून तरुणांनी गिटार, सॅक्सोफोन हाती घेतले. नावात 'जॅझ' लावायची फॅशन, पण संगीत जॅझ नव्हे, तर स्वाहिली बोलांचा रुम्बा. मोरोगोरोत तर सलुम अब्दल्ला यांचा 'क्यूबन मरिंबा' आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'मोरोगोरो जॅझ' असे दोन नामांकित बँड एकाच गावात होते.

स्वातंत्र्यानंतर ज्युलियस न्येरेरे राष्ट्राध्यक्ष झाले. १९६२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संस्कृतीचं स्वतंत्र खातं काढलं. आमच्या शिकलेल्या मुलांना परदेशी नाच येतात, पण आजोबांचे नाच येत नाहीत, ही त्यांची खंत होती. १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यानं देश समाजवादाच्या वाटेवर गेला आणि १९६९ मध्ये राजधानी दार-एस-सलाममध्ये अमेरिकन सोल संगीतावर बंदीही आली. पण नुसती बंदी घालून सरकार थांबलं नाही. त्यानं एक अभिनव गोष्ट केली. बँड सरकारी आणि निमसरकारी संस्थांनी पोसायचे ठरले. कामगार संघटनेचा 'नुटा जॅझ', पोलिसांचा 'पोलिसी जॅझ', पक्षाच्या युवक शाखेचा 'विजाना जॅझ', एवढंच काय, चीनच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या कापड गिरणीचा 'उराफिकी जॅझ'! गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही कल्पना चटकन समजेल. गिरणीचा क्रिकेट संघ असतो तसा गिरणीचा बँड. गिटारवादक महिन्याच्या पगारावर आणि वाद्यं संस्थेच्या मालकीची.

यानं वादकाच्या घरी चूल पेटली, हे मान्य केलं पाहिजे. दुष्काळ असो, महागाई असो, पगार येत होता. बँडही भरपूर निघाले. कामगार संघटनेच्या बँडची शैली 'म्सोंडो' आणि १९७८ मध्ये निघालेल्या मलिमानी पार्क ऑर्केस्ट्राची शैली 'सिकिंडे'. या दोघांची चुरस एवढी, की शहर फुटबॉलच्या संघांसारखं दोन तटांत विभागलेलं. खेळाडू संघ बदलतात तसे गायक बँड बदलत, आणि ती बातमी होई. गाण्याची रचना ठरलेली. पहिला भाग संथ. त्यात गोष्ट सांगायची. नवऱ्यानं टाकलेली बायको, शहरात जाऊन घर विसरलेला मुलगा, उसने पैसे बुडवणारा मित्र. ऐकणारे हळूहळू डुलत असतात. मग ट्रम्पेट-सॅक्सोफोन उसळतात आणि दुसरा भाग सुरू होतो. त्याला म्हणतात 'चेम्को', म्हणजे उकळी. आधी दुःख ऐकून घ्यायचं आणि मग त्याच दुःखावर नाचायचं, अशी ही रीत.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. देशात नाव घेण्याजोगा स्टुडिओ एकच, सरकारी 'रेडिओ टांझानिया दार-एस-सलाम'चा. बँड तिथे जात, सगळे वादक एकदम वाजवत आणि गाणी फितीवर उतरत. त्याआधी बोल तपासले जात. मोबदला अगदी किरकोळ. गाणं नंतर रेडिओवर हजार वेळा वाजलं, तरी हक्काचा पैसा नाही. फीत रेडिओची. बँडला त्यातून मिळायची ती जाहिरात, म्हणजे शनिवारच्या नाचाला गर्दी. तबकड्या काढायच्या तर केनियात, नैरोबीला. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी संघटना मोडली, दोन देशांमधली सीमा बंद झाली आणि तीही वाट अडली. म्हणून त्या सुवर्णकाळातलं कितीतरी संगीत तबकडीवर आलंच नाही. ते फक्त रेडिओच्या कपाटात राहिलं.

मबाराका म्विन्शेहे यांची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मोरोगोरो जॅझचे गिटारवादक आणि गायक. १९७० मध्ये जपानमधल्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी टांझानियाचं प्रतिनिधित्व केलं. नंतर त्यांनी 'सुपर व्होल्कॅनो' हा स्वतःचा बँड काढला. कुणाच्या पगारावर नाही, स्वतःच्या हिमतीवर. 'शिदा', म्हणजे हालअपेष्टा, हे त्यांचं गाणं सगळ्या पूर्व आफ्रिकेत गाजलं. पण स्वतंत्र राहायचं तर तबकड्यांसाठी केनिया गाठणं भाग होतं. जानेवारी १९७९ मध्ये केनियातच मोटार अपघातात ते गेले. वय होतं फक्त चौतीस.

दुसरं नाव रेमी ओंगाला यांचं. जन्म काँगोतला, १९४७ चा. १९७८ मध्ये ते दार-एस-सलामला आले आणि तिथलेच झाले. 'सुपर मतिमिला' हा त्यांचा बँड. त्याची वाद्यं एका व्यापाऱ्याच्या मालकीची आणि बँडला नावही त्या मालकाचंच. ओंगाला स्वतःला गरिबाचा गायक म्हणवत. १९९० च्या सुमारास एड्सची साथ घराघरात शिरली होती आणि उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. ओंगालांनी निरोध वापरा असं सांगणारं गाणं केलं, त्यात निरोधाला 'मोजे' म्हटलं. सरकारी रेडिओनं ते वाजवायला नकार दिला. पण तोवर कॅसेटचा जमाना आला होता. गाणं बसमधून, हॉटेलांतून, लग्नांतून ऐकू येऊ लागलं आणि रेडिओच्या बंदीला काही अर्थ उरला नाही. इंग्लंडमधल्या रियल वर्ल्ड कंपनीनं १९८९ मध्ये त्यांच्या गाण्यांचा संग्रह काढला. त्याचं नावही गरीब माणसासाठी गाणी अशा अर्थाचं होतं. डिसेंबर २०१० मध्ये ओंगाला वारले. दार-एस-सलामच्या सिंझा भागात ते राहत. तो थांबा लोक अजून 'सिंझा क्वा रेमी', म्हणजे रेमीकडची सिंझा, असाच सांगतात.

इकडे तारबनंही रूप बदललं. की-बोर्ड आला, आवाज वाढला आणि 'मिपाशो'ची लाट आली. मिपाशो म्हणजे टोमण्याचं गाणं. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे, तेच हे. गायिका कुणाचंच नाव घेत नाही. पण प्रेक्षकांतली एखादी बाई उठते, नोट नाचवत मंचाजवळ जाते आणि नेमक्या त्या कडव्याला गायिकेच्या हातात ठेवते. सवत, जाऊ, शेजारीण, जिला कळायचं तिला कळतं. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत बाईनं जे मन मोकळं केलं, ते इथे भर सभेत, पैसे मोजून, ताठ मानेनं होतं. खदिजा कोपा ही या प्रकारातली राणी मानली जाते. टोमणा हा स्वयंपाकघरातला प्रकार, असं म्हणून त्याला हसणारे होते आणि आहेत. पण पैसे गायिकेच्या हातात थेट पडतात असा हा प्रकार, हेही ध्यानात घ्यायला हवं.

१९९३ मध्ये प्रसारणाचा कायदा बदलला आणि खाजगी रेडिओ आले. त्याच सुमारास तरुण मुलं स्वाहिलीत रॅप करू लागली. या संगीताला नाव पडलं 'बोंगो फ्लेवा'. 'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार-एस-सलामला लाडानं 'बोंगो' म्हणतात, कारण त्या शहरात टिकायचं तर डोकं चालवायला लागतं! या मुलांकडे बँड नव्हता, पगार नव्हता, वाद्यंही नव्हती. होता एक संगणक आणि सांगायचं बरंच. जोसेफ हाउले, म्हणजे 'प्रोफेसर जे', यांनी खोट्या आश्वासनांची खैरात करणाऱ्या राजकारण्याची नक्कल केली आणि ती देशभर गाजली. जोसेफ म्बिलिन्यी ऊर्फ 'सुगु' हे तर २०१० मध्ये संसदेत निवडून गेले आणि प्रोफेसर जे २०१५ मध्ये. खासदार असतानाच, २०१८ मध्ये, राष्ट्राध्यक्षांचा अवमान केल्याच्या आरोपावरून सुगुंना पाच महिन्यांची शिक्षा झाली; काही महिन्यांनी ते सुटले. त्याआधी मार्च २०१७ मध्ये ने वा मितेगो या रॅपरला एका गाण्याबद्दल अटक झाली होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनीच त्याला सोडायला सांगितलं. गाण्यातून बोलणं अजूनही फुकट पडत नाही, हे यावरून दिसतं.

आणि पैशांचं काय? कॅसेटच्या काळात घाऊक वितरकांच्या हाती सगळं होतं. त्यांत भारतीय वंशाचे व्यापारीही बरेच होते. भांडवल त्यांचं, कॅसेट छापायची यंत्रं त्यांची. ठरावीक रक्कम देऊन गाणी घेतली, की पुढे किती खपली याचा हिशेब गायकाला क्वचितच कळे. त्यातच नकली कॅसेटचा सुळसुळाट. १९९९ मध्ये टांझानियानं स्वामित्व हक्काचा नवा कायदा केला आणि तो राबवण्यासाठी 'कोसोटा' ही संस्था आली. कायदा आला, पण वाजलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद ठेवून पैसा वसूल करणं हे कायदा करण्याइतकं सोपं नसतं.

मग आलं इंटरनेट. टंडाले या गरीब वस्तीत वाढलेला नसीब अब्दुल, ज्याला जग 'डायमंड प्लॅटनम्झ' म्हणून ओळखतं, यानं खेळ उलटवायचा ठरवला. स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी, स्वतःचा रेडिओ, स्वतःचं टीव्ही केंद्र. २०२० मध्ये यूट्यूबवर त्याच्या गाण्यांनी शंभर कोटी वेळा पाहिलं जाण्याचा टप्पा ओलांडला. गुलामाच्या मुलीपासून सुरू झालेली वाट इथवर आली, असं म्हणून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच्याच कंपनीत वाढलेला हार्मोनाइझ हा गायक २०१९ मध्ये बाहेर पडला, तेव्हा सुटका करून घ्यायला मोठी रक्कम मोजावी लागल्याचं त्यानं जाहीरपणे सांगितलं. नव्या कलावंतावर पैसा लावणारा तो वसूल करणारच, ही कंपनीची बाजूही आहे. तरीही मालक बदलला तरी करारपत्राची भाषा फारशी बदलत नाही, असंच म्हणावं लागतं. याच कंपनीत २०२० मध्ये झुचू नावाची झांझिबारी मुलगी दाखल झाली. ती खदिजा कोपा यांची मुलगी. तारबच्या घरातला गळा आता संगणकाच्या ठेक्यावर गातो आहे.

जुन्यांचं काय झालं, तेही पाहू. फातुमा बिंती बाराका, म्हणजे बी किदुदे, या सितीबाईंची गाणी गाणाऱ्या झांझिबारच्या गायिका. शंभरीच्या आसपास पोहोचल्यावर त्या युरोपातल्या रंगमंचावर गात होत्या, ढोल वाजवत होत्या. २००५ मध्ये त्यांना वोमेक्स हा जागतिक संगीतातला मानाचा पुरस्कार मिळाला. पण कीर्ती सातासमुद्रापार गेली तरी राहणं शेवटपर्यंत साधंसुधंच. एप्रिल २०१३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अंत्ययात्रेला आले. पुढच्याच वर्षी म्सोंडोचे ज्येष्ठ गायक मुहिद्दीन गुरुमो गेले. पन्नासएक वर्षं त्यांच्या आवाजावर देश नाचला होता.

आणि त्या रेडिओच्या फिती? त्या अजून दार-एस-सलाममध्येच आहेत. फितीचं आयुष्य माणसासारखंच असतं. दमट हवेत ती चिकटते, तिच्यावरचा थर सुटतो, एक दिवस यंत्रावर चढवली की तुटते. त्यांचं संगणकीकरण करण्याचे प्रयत्न झाले, परदेशी संग्राहकांनीही मदत केली. फ्रान्समध्ये २००५ पासून 'झांझिबारा' नावाची मालिका निघाली, तिच्यातून बरीच जुनी गाणी जगासमोर आली. पण प्रत्येक वेळी तोच प्रश्न उभा राहतो. फीत रेडिओची, बँड संस्थेचा, बोल लिहिणारा गेलेला, वारस सापडत नाहीत. मग गाणं विकलं गेलं तर पैसा कुणाला? मालकी ठरत नाही म्हणून कुणी हात लावत नाही आणि हात लावत नाही म्हणून फीत कुजते.

हा प्रश्न केवळ टांझानियाचा नाही. आपल्याकडेही गीतकार-संगीतकारांना त्यांच्या गाण्यांच्या उत्पन्नात हक्काचा वाटा मिळावा म्हणून कायदा बदलला तो थेट २०१२ मध्ये. त्याआधी किती जण हात रिकामे ठेवून गेले, ते आपण जाणतोच. शाहिरांची, लावणीवाल्या बायांची नावं तबकडीच्या कागदावर तरी छापली गेली. पण त्यांच्या घरात किती पोहोचलं, याचा हिशेब आपणही कधी मांडलेला नाही.

समाजवादी सरकारनं गायकाला पगार दिला, पण गाणं ठेवून घेतलं. बाजारानं गायकाला प्रसिद्धी दिली आणि गाणं विकत घेतलं. दोघांनीही दिलं, दोघांनीही घेतलं. आणि या देण्याघेण्याचा हिशेब गाणाऱ्याला मात्र कुणी समजावून सांगितला नाही. म्हणून मला वाटतं, त्या देशानं, आणि आपणही, एक साधं काम आधी करावं. जे आवाज अजून फितींवर आहेत ते उतरवून घ्यावेत, प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नाव नोंदवावं. पैशाचा वाद नंतर मिटेल किंवा चालू राहील. पण नाव नोंदलं नाही, तर वाद घालायलाही कुणी उरणार नाही.

म्तुम्वा नाव घेऊन जन्मलेली बाई सिती म्हणून मेली, ती आपल्या गळ्याच्या बळावर. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या तबकडीवर तिचं नाव होतं, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. दार-एस-सलामच्या कपाटातल्या कित्येक फितींवर मात्र फक्त बँडचं नाव आहे.